पंडिता रमाबाईंचें विद्यार्थिदशेंतील जीवन

पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक नाहीं असें ख्रिस्ती घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. केडगांवचें मुक्ति सदन, दुष्काळांतून वांचविलेल्या मुली, मराठी पवित्र शास्त्राचें भाषांतर, या गोष्टी आपल्या मंडळ्यांत वारंवार सांगितल्या जातात. परंतु त्यांच्या आयुष्यांतील कांहीं वर्षें अशीं आहेत कीं, त्यांचा उल्लेख घाईघाईनें केला जातो. आणि आमच्या दहिवलीच्या बाजूच्या वाचकांस तींच वर्षें अधिक उपयोगाचीं आहेत. पोटासाठीं काम, पदरीं लहान मूल आणि शिकण्याची इच्छा, या तिन्ही गोष्टी एकदम वांट्यास आलेलीं माणसें आपल्यांत पुष्कळ आहेत. कोणी भाताच्या लावणींतून मोकळें झाल्यावर पुस्तक उघडतें. कोणी कर्जतेहून पहांटेच्या गाडीनें मुंबईस कामाला जातें आणि उरलेल्या वेळांत परीक्षेचा अभ्यास करितें. त्यांच्याकरितां हें चरित्र लिहिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं मुलीस शिकविलें. तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत हें कुटुंब देशभर फिरत असे. १८७४ सालीं उपासमारीच्या दिवसांत आईबाप वारले. भाऊ श्रीनिवास याजबरोबर फिरत फिरत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊही गेला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजीं कन्या मनोरमा जन्मास आली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पति पटकीनें वारले. मूल तेव्हां दहा महिन्यांचेंही नव्हतें.

तेविसाव्या वर्षीं विधवा झालेली, आईबाप, भाऊ, पति कोणी नसलेली ही स्त्री मुलीस घेऊन पुण्यास आली. येथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षीं सरकारनें नेमलेल्या हंटर शिक्षण कमिशनपुढें साक्ष देतांना त्यांनीं या देशास स्त्री-शिक्षिकांची व स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हें सांगितलें. मग ती गरज आपणच कां भागवूं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें. संस्कृतांत पंडिता असलेल्या या बाईंस इंग्रजी मात्र येत नव्हतें. ज्यांस सभांतून विद्वान म्हणून मान मिळाला होता, त्यांनीं मूल सांभाळीत परकी भाषा मुळाक्षरांपासून शिकावयास घेतली. प्रौढ विद्यार्थ्यास पहिला अडथळा बहुधा हाच असतो. आपल्याहून लहानांच्या पंगतीस बसण्याची लाज पुष्कळांस वाटते. ती लाज रमाबाईंनीं बाजूस ठेविली.

पैसा हा दुसरा अडथळा होता. त्यांनीं स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून प्रवासाची सोय करून १८८३ सालीं त्या इंग्लंडास निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. वॉन्टेज या गांवीं सेंट मेरीच्या भगिनीमंडळानें त्यांस आश्रय दिला. परंतु रमाबाईंस फुकटचें अन्न नको होतें. हिंदुस्थानांत सेवेस यावयाच्या भगिनींस त्यांनीं मराठी शिकवावें आणि भगिनींनीं त्यांस इंग्रजी शिकवावें, असें ठरलें. त्या एकाच घरांत कांहीं वेळ शिक्षिका होत्या, कांहीं वेळ विद्यार्थिनी, आणि सर्व वेळ आई.

हे दिवस सुखाचे नव्हते. मैत्रिणीचा तेथें थोड्याच काळांत दुःखद अंत झाला. डॉक्टर होण्याच्या ज्या हेतूनें त्या समुद्रापार गेल्या, तो हेतूही तुटला. कारण त्यांस ऐकूं कमी येत असे, आणि वैद्यकीच्या अभ्यासास तें व्यंग आड आलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यामुळें स्वदेशांतील पुष्कळ स्नेही दुरावले. एवढें होऊनही त्या परतल्या नाहींत. जें शिकावयाचें होतें तें मिळालें नाहीं, तेव्हां जें मिळण्यासारखें होतें तें त्यांनीं शिकावयास घेतलें.

१८८४ सालीं त्या चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजांत दाखल झाल्या. मुख्याध्यापिका डोरोथिआ बील यांनीं त्यांस चांगला आधार दिला. तेथेंही तीच रीत चालली: त्यांनीं संस्कृत शिकवावें, आणि स्वतः इंग्रजी वाङ्मय, गणित व सृष्टिशास्त्र शिकावें. बहिऱ्या होत चाललेल्या कानांनीं परक्या भाषेंत गणित ऐकणें किती कष्टाचें असेल, हें ज्यानें दिवसाच्या श्रमानंतर पुस्तक धरिलें आहे त्यास सांगावयास नको.

या सर्वांहून जड गोष्ट वेगळीच होती. मनोरमा बहुतेक काळ वॉन्टेजच्या भगिनींपाशीं राहिली आणि आई दुसऱ्या गांवीं कॉलेजांत. मुलीस धर्माचें काय शिकवावें यावरून रमाबाईंचे भगिनींशीं मतभेद झाले. आश्रय देणाऱ्यांचा उपकार त्या मानीत. तरी मुलीच्या शिक्षणाविषयीं ठरविण्याचा हक्क आईचा आहे, ही भूमिका त्यांनीं सोडली नाहीं. मूल दुसऱ्याच्या हवालीं केलें म्हणजे जबाबदारीही हवालीं केली, असें त्यांनीं मानिलें नाहीं. तथापि दुरावा तो दुरावाच. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हां मनोरमा बरोबर होती. परंतु अमेरिकेंत काम वाढलें आणि मुलीस पुन्हा वॉन्टेज येथें पाठवावें लागलें. थोर व्यक्तीचें चरित्र सांगतांना अशी गोष्ट झांकण्याची रीत आहे. आम्ही ती झांकीत नाहीं. पांच वर्षांच्या मुलीस आईविना राहावें लागलें, ही त्या शिक्षणाची किंमत होती, आणि ती किंमत एकट्या आईनें दिली नाहीं, मुलीनेंही दिली.

अमेरिकेंत रमाबाईंनीं फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं आणि १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतून विधवांच्या शाळेसाठीं पैसा उभा राहिला. १८८९ च्या फेब्रुवारींत त्या मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजीं शारदा सदन उघडलें. तेथें प्रथम आलेली विधवा गोदूबाई ही विशी ओलांडलेली स्त्री होती. पुढें आनंदीबाई कर्वे म्हणून ती महाराष्ट्रास माहीत झाली. वय झालें, आतां काय शिकणार, असें म्हणून तिला परत लावून देण्यांत आलें नाहीं. ज्या बाईंनीं स्वतः मोठेपणीं धडे गिरविले होते त्यांच्या दारांत असें कसें व्हावें? १८९० सालीं सदन मुंबईहून पुण्यास गेलें. तेव्हांही मुंबई-पुण्याची आगगाडी आपल्या कर्जतेवरूनच बोरघाट चढत असे.

पुढची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों मुली वांचविल्या, केडगांव वसलें. उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं साध्या बायकांस कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, आणि त्याचे खिळे मुक्ति सदनांतील स्त्रियांनींच जुळविले. दूर ठेविलेली मनोरमा मोठी होऊन आईचा उजवा हात झाली व शाळेचें काम पाहूं लागली. २४ जुलै १९२१ रोजीं ती आईच्या आधींच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. भाषांतराचें काम तोंवर त्यांनीं पुरें केलें होतें.

प्रिय बंधुभगिनींनो, आज शिकणाऱ्या आईस समुद्र ओलांडावा लागत नाहीं. शारदा सदनानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९८९ सालीं, नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. नोकरी व संसार सांभाळून तेथें पदवी घेतां येते. परंतु तान्हें मूल, थकलेलें शरीर आणि लोकांचें हंसणें हीं तेव्हां होतीं तशींच आहेत. रमाबाईंस वॉन्टेजच्या भगिनींनीं मूल सांभाळून हात दिला, म्हणून त्या शिकूं शकल्या. आपल्या मंडळींत कोणी शिकणारी आई असेल, तर परीक्षेच्या दिवशीं तिचें मूल कोणापाशीं राहील, हें मंडळीनें आधींच ठरवून ठेवावें. तसें केल्यास मुलीस आईपासून दूर गांवीं राहावें लागणार नाहीं; फार तर दोन घरांपलीकडे, ओळखीच्या अंगणांत, संध्याकाळपर्यंत राहावें लागेल.