ऑटो क्लेम्पेरर : खुर्चीत बसून वाद्यवृंद चालविणारा माणूस



कंडक्टर म्हटले की आपल्यापुढे एस.टी.तला तिकिटे फाडणारा माणूस उभा राहतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र शंभरेक वादकांसमोर उभा राहून ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सारे वाजते, तो कंडक्टर. स्वतः एकही सूर वाजवत नाही, तरी चुकले तर दोष त्याचा. या आठवड्यात अशाच एका जर्मन कंडक्टरची ओळख करून देत आहे.

ऑटो क्लेम्पेरर यांचा जन्म १४ मे १८८५ रोजी ब्रेस्लाऊ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमधील व्रोत्स्वाफ. बालपण हॅम्बर्गला गेले, शिक्षण फ्रँकफर्ट आणि बर्लिनमध्ये झाले. त्या काळचे थोर संगीतकार गुस्ताव माहलर यांना ऑटोने त्यांच्याच दुसऱ्या सिंफनीतील एक भाग पियानोवर, समोर कागद न ठेवता, वाजवून दाखविला. माहलर यांनी एका कार्डावर शिफारस लिहून दिली आणि त्या बळावर १९०७ साली प्रागच्या जर्मन नाट्यगृहात त्यांना नोकरी मिळाली. ते कार्ड त्यांनी जन्मभर जपले.

१९१७ पासून ते कोलोनच्या ऑपेरागृहात होते. तेथेच १९१९ मध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेऊन कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि त्याच वर्षी गायिका योहाना गाइस्लर यांच्याशी विवाह केला. लग्नासाठी किंवा नोकरीसाठी धर्म बदलला, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या वर्षांत त्यांनी एक मिस्सा संगीतबद्ध केली आणि पुढे कित्येक वर्षे श्रद्धेने धर्माचरण केले, हे पाहता मला तसे वाटत नाही. तत्त्वज्ञ माक्स शेलर त्या सुमारास कोलोनमध्येच शिकवत होते आणि क्लेम्पेरर त्यांना ओळखत होते. सेमिनरीत शेलर यांची पुस्तके आम्हाला घाम फोडीत. याच शेलरांवर पुढे कारोल वोयतिवा नावाच्या एका पोलिश फादरांनी प्रबंध लिहिला. ते आपले पोप जॉन पॉल दुसरे.

१९२७ साली बर्लिनच्या क्रोल ऑपेराची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी नव्या संगीतकारांची कामे रंगमंचावर आणली आणि जुनी नाटके नव्या नजरेने दाखविली. १९२९ साली वाग्नर यांचे ‘फ्लाइंग डचमन’ साध्या, आधुनिक पोशाखात सादर झाले, तेव्हा कर्मठ मंडळी खवळली. पैशांची चणचण आणि उजव्या पक्षांचा रोष यांमुळे १९३१ मध्ये ते ऑपेरागृह बंद पडले. पुढे संसदेची इमारत जळाल्यावर त्याच क्रोलच्या सभागृहात संसद भरू लागली, आणि मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा तेथेच संमत झाला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत क्लेम्पेरर यांनी जर्मनी सोडली. स्नानसंस्काराचा दाखला नाझींच्या दृष्टीने कवडीमोलाचा होता. त्यांना फक्त रक्त दिसत होते.

त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाने त्यांना बोलावले. बूड टेकले असे वाटते न वाटते तोच १९३९ मध्ये मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेतून वाचले, पण उजवी बाजू अर्धवट लुळी पडली. चेहरा आणि जीभही सुटली नाही. मुळात त्यांच्या मनाचा आजार जुना होता: कधी महिनोन्महिने खिन्नता, तर कधी अनावर उत्साह. शस्त्रक्रियेनंतर तो बळावला. १९४१ साली ते न्यूयॉर्कजवळच्या एका आरोग्यधामातून निघून गेले, तेव्हा पोलिसांनी शोध सुरू केला आणि ती बातमी वृत्तपत्रांत झळकली. अशा बातमीनंतर कोण काम देणार? अनेक वर्षे जवळजवळ कोणी विचारले नाही. आपल्याकडेही मनाच्या आजाराविषयी घरात कुजबुजत बोलतात. त्या माणसाची तर साऱ्या देशासमोर शोभा झाली.

युद्धानंतर १९४७ ते १९५० ते बुडापेस्टच्या ऑपेरात होते. तेथे कम्युनिस्ट राजवटीशी जमेना. १९५१ मध्ये माँट्रियल विमानतळावर पडून कंबरेचे हाड मोडले. त्यानंतर बराच काळ सहा फुटांहून उंच असा हा माणूस खुर्चीत बसूनच वाद्यवृंद चालवीत असे. १९५८ मध्ये पाईप ओढता ओढता झोप लागली, अंथरुणाने पेट घेतला आणि ते भयंकर भाजले. तरी पुढल्या वर्षी लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाने त्यांना तहहयात प्रमुख कंडक्टर नेमले! खरी कीर्ती त्यांना मिळाली ती सत्तरीनंतर. लय संथ आणि भक्कम, लाकडी फुंकवाद्यांचा प्रत्येक सूर स्पष्ट. बाख यांच्या संत मत्तयलिखित दुःखसहनाचे त्यांनी १९६०-६१ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण तपश्चर्येच्या काळात ऐकावे. हल्लीच्या मानाने ते फार हळू चालते, घाई असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

१९६४ मध्ये मालकाने तो वाद्यवृंद बंद करण्याचे जाहीर केले. वादकांनी एकत्र येऊन स्वतःच कारभार हाती घेतला, आणि एकोणऐंशी वर्षांचे क्लेम्पेरर त्यांच्या पाठीशी राहिले. त्या नव्या संस्थेच्या पहिल्या मैफलीत बेथोवन यांची नववी सिंफनी त्यांनीच चालविली.

पत्नी १९५६ मध्ये वारली होती. मुलगी लोटे हिने त्यांना अखेरपर्यंत सांभाळले. मुलगा वेर्नर अमेरिकेत नट झाला आणि दूरदर्शनवरील एका विनोदी मालिकेत मूर्ख जर्मन अधिकाऱ्याची भूमिका करून घराघरांत पोहोचला.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. १९६७ साली क्लेम्पेरर यांनी ख्रिस्तसभा सोडली आणि ते आपल्या पूर्वजांच्या ज्यू धर्माकडे परतले. धर्मगुरू म्हणून मला ते वाचताना वाईट वाटले. पण ज्या शतकात त्यांच्या लोकांच्या बाबतीत युरोपात जे घडले, आणि ते घडविणाऱ्यांत स्नानसंस्कार झालेले किती होते, हे आठवले की दोष द्यायला जीभ रेटत नाही.

सप्टेंबर १९७१ मध्ये लंडनला त्यांची शेवटची मैफल झाली. ६ जुलै १९७३ रोजी झुरिक येथे, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. तेथील ज्यू दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.