चष्मेवाला शिकारी : थिओडोर रूझवेल्ट
(द्वितीय वर्ष, कला)

रूझवेल्ट या आडनावाचे अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष लाभले. आपल्याला परीक्षेत विचारतात ते दुसऱ्या महायुद्धातले फ्रँकलिन रूझवेल्ट. मी लिहिणार आहे ते त्यांचे दूरचे नातलग, १९०१ ते १९०९ या काळात अध्यक्ष असलेले थिओडोर रूझवेल्ट. पनामा कालव्यावर टिपण काढताना आपल्या ग्रंथालयात या गृहस्थांची माझी गाठ पडली आणि कालवा बाजूलाच राहिला. त्यांच्या हातातल्या बंदुकीने मला ओढून नेले. मैत्रिणी हसल्या. मुलीच्या जातीने बंदुकीवर लेख लिहावा का, असा त्यांचा प्रश्न. पण आमच्या घरात बंदुकीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत; त्या कशा, ते पुढे ओघाने येईलच.

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या एका गर्भश्रीमंत घरात झाला. घरात कशालाच तोटा नव्हता, फक्त या मुलाला श्वास पुरत नव्हता. दम्याचा झटका आला की वडील रात्री-अपरात्री त्याला कडेवर घेऊन येरझारा घालीत, कधी घोडागाडीत घालून मोकळ्या हवेत फिरवून आणीत. अशा मुलाला जनावरांचे वेड लागावे हे नवलच. एकदा बाजारात मांडलेला मेलेला सील त्याने पाहिला. पुढे त्याची कवटी मिळवली आणि घरात चक्क संग्रहालय थाटले! वडिलांनी त्याला शरीर कमावण्याचा सल्ला दिला आणि घरातच व्यायामाची साधने आणून बसवली. पोराने तो सल्ला जन्मभर पाळला.

१८७२ साली वडिलांनी त्याला एक दुनळी बंदूक आणून दिली. सोबतीची मुले पक्षी टिपू लागली, पण थिओडोरला ती कशावर नेम धरतात हेच दिसेना. दूरच्या फलकावरची अक्षरे मुलांनी मोठ्याने वाचली, तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपल्याला अक्षरे तर नाहीतच, तिथे काही लिहिले आहे हेही दिसत नाही. चष्मा आला आणि झाडाला पाने असतात, पानांत पाखरे असतात, हे त्याला प्रथमच कळले. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. मागच्या बाकावरचा ‘ढ’ मुलगा चष्मा लागल्यावर एकाएकी हुशार निघाल्याचे आपण पाहिले आहे.

पुढची वर्षे भराभर गेली. हार्वर्डचे शिक्षण, १८८० साली अ‍ॅलिस ली हिच्याशी विवाह, न्यूयॉर्कच्या विधिमंडळात प्रवेश. मग १८८४ सालच्या फेब्रुवारीत मुलगी जन्मली आणि दोनच दिवसांनी, १४ तारखेला, एकाच घरात आधी आई आणि काही तासांनी पत्नी दगावली. त्या दिवशी त्यांनी रोजनिशीच्या पानावर एक मोठी फुली मारली आणि खाली एकच ओळ लिहिली. तान्ही मुलगी बहिणीच्या स्वाधीन करून ते डाकोटाच्या ओसाड माळावर गेले. तिथे त्यांनी आदल्याच वर्षी गुरांच्या धंद्यात पैसा घातला होता.

या माळावर त्यांच्या खांद्याला असे ती विंचेस्टर कंपनीची १८७६ च्या मॉडेलची रायफल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली त्या साली निघालेली. तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगते. जुन्या ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायची. एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून तोच खटाटोप. तोवर जनावर डोंगरापलीकडे, नाही तर आपल्या अंगावर. विंचेस्टरमध्ये हे सारे काम एका लिव्हरवर आले. चापाभोवतीचे लोखंडी कडे मागे मुठीखाली वाढवलेले असते. त्यात बोटे अडकवून ते खाली ढकलले की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा चढतो. वर ओढले की नवे काडतूस जागेवर बसते. बंदूक खांद्यावरून उतरवायची गरज नाही. काडतुसे राहतात नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत, एकामागे एक, आणि पुढून एक स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. यातली एक गंमत मला फार आवडली. या गोळ्यांची टोके बोथट ठेवावी लागत. गोळी टोकदार असती तर तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकले असते आणि एखाद्या धक्क्यासरशी बार आतल्या आतच झाला असता!

रूझवेल्टांच्या रायफलीचे काडतूस ०.४५ इंच गोळीचे होते आणि त्यात ७५ ग्रेन, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, काळी दारू भरलेली असे. बार काढला की धुराचा लोट उठे आणि क्षणभर पुढचे काही दिसत नसे. रायफल त्यांनी मुद्दाम सांगून बनवून घेतली होती, तिच्यावर जनावरांची नक्षीही कोरून घेतली होती. पैसेवाल्याचा शौक, दुसरे काय! माळावरचे गुराखी प्रथम या चष्मेवाल्या शहरी बाबूला हसत. पण १८८४ च्या सप्टेंबरात बिगहॉर्न पर्वतात एक प्रचंड ग्रिझली अस्वल आठ-दहा पावलांवर उभे ठाकले, तेव्हा याच रायफलीने त्यांनी त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध गोळी घातली. त्यानंतर हसणारे कमी झाले असावेत.

मला मात्र १८८६ सालची हकीकत अधिक भावते. तीन चोरांनी त्यांची नाव पळवली. बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या नदीतून, दोन साथीदारांसह, त्यांनी चोरांचा पाठलाग करून त्यांना पकडले. त्या मुलुखात चोराला झाडाला टांगण्याची रीत होती. रूझवेल्टांनी तसे केले नाही. शेवटच्या टप्प्यात एक भाड्याची गाडी घेतली, चोरांना तीत बसवले आणि स्वतः विंचेस्टर घेऊन चिखलातून मागे चालत, रात्र जागून काढून, त्यांना कायद्याच्या हवाली केले. वाटेत पहारा करता करता टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ वाचून काढली. परीक्षेच्या आदल्या रात्री चहावर चहा पिऊन जागणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी.

आता अवघड गोष्टीकडे येते. १८८३ साली रूझवेल्ट प्रथम डाकोटाला आले ते बायसन मारायला. एके काळी कोट्यवधींनी असलेले हे जनावर तेव्हा कातड्याच्या व्यापाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते. आता उशीर केला तर आपल्याला एकही मिळायचा नाही, अशी त्यांना घाई. आठवडाभराहून अधिक काळ पावसात, चिखलात भटकून अखेर त्यांनी एक मारलाच आणि आनंदाने नाचले. याच माणसाने १८८७ साली जॉर्ज बर्ड ग्रिनेल वगैरे मित्रांना घेऊन बून अँड क्रॉकेट क्लब काढला आणि बेसुमार शिकारीविरुद्ध कायदे व्हावेत म्हणून खटपट केली. माळावर राहून कळपांच्या जागी वाळलेली हाडे पाहिली, त्याचा हा परिणाम म्हणायचा. पण त्यांनी बंदूक खाली ठेवली नाही. थोडे मारावे, म्हणजे पुढेही मारायला उरेल, असा हा हिशेब होता का? की खरेच प्रेम होते? मी आमच्या इतिहासाच्या सरांना विचारले. दोन्ही असू शकते, असे सर म्हणाले. मला ते तेव्हा पटले नव्हते.

१९०१ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष रूझवेल्ट वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ते मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले. वाटाड्या होता हॉल्ट कॉलियर, जन्माने गुलाम असलेला काळा माणूस आणि अस्वलांचा निष्णात शिकारी. कुत्र्यांनी घेरलेल्या एका अस्वलाला त्याने बंदुकीच्या दस्त्याने हाणून झाडाला बांधून ठेवले आणि अध्यक्षांना बोलावले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टांनी नकार दिला. व्यंगचित्रकार बेरीमन यांनी त्यावर चित्र काढले, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवले आणि ‘टेडी बेअर’ जगभर पसरले. खेळण्याच्या गोष्टीत एक भाग बहुधा गाळतात. ते अस्वल जखमी झाले होते, म्हणून त्याला सुरीने मारून टाका, असे रूझवेल्टांनीच सांगितले होते.

कॉलियरविषयी वाचताना मला माझे आजोबा आठवले. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाच्या काठाला. शिकारीचे परवाने मिळत त्या काळात आजोबा हाकारे म्हणून जात. शिकारी मचाणावर, हे लोक पायी डबे बडवीत, आरडाओरडा करीत, जनावर त्याच्याकडे रेटायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपले. आजोबांनी जन्मात बंदूक हातात धरली नाही, पण बाराच्या आवाजावरून ती कोणती हे ते सांगत. शिकारीच्या छायाचित्रांत मात्र वाघ असतो, साहेब असतो, हाकारे नसतात. निदान कॉलियरचे नाव तरी उरले.

अध्यक्ष म्हणून रूझवेल्टांनी केलेले काम अफाट आहे. सुमारे २३ कोटी एकर जमीन त्यांनी राखून ठेवली. दीडशे राष्ट्रीय वने, ५१ पक्षी-आश्रयस्थाने, पाच राष्ट्रीय उद्याने. त्यांचे वनप्रमुख गिफर्ड पिंशो यांचे एक मार्गदर्शक होते डीट्रिख ब्रांडिस, म्हणजे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. आमच्या गावाशेजारच्या राखीव जंगलाची आणि अमेरिकेच्या जंगलांची अशी सोयरीक निघाली! आणि सोयरिकीबरोबर दुखणीही आली. १९०८ साली मोंटाना प्रांतात बायसनांसाठी कुरण राखले गेले, ते तिथल्या सेलिश व कूटनाई लोकांच्या जमिनीतून, त्यांच्या संमतीवाचून. ते त्यांना परत देण्याचा कायदा व्हायला २०२० साल उजाडले. सरपणाची मोळी घेऊन फिरताना हटकले जाणे काय असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट एका वाक्यात संपवता येत नाही. तरीही ते कुरण झाले नसते तर बायसन किती उरले असते, हाही प्रश्न आहेच.

१९०९ साली पद सोडताच ते मुलगा कर्मिट याला घेऊन आफ्रिकेला गेले. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हा उद्देश. दोनशेहून अधिक हमाल बरोबर होते. व्हाइट हाउसमध्ये मुष्टियुद्ध खेळताना बसलेल्या ठोशाने डावा डोळा निकामी झालेला, म्हणजे नेम उजव्या डोळ्याच्या भरवशावर. सिंहासाठी त्यांची आवडती रायफल पुन्हा विंचेस्टरच, १८९५ चे मॉडेल. जॉन ब्राउनिंग यांनी तिची रचना केली होती. लिव्हर तीच, पण काडतुसे नळीऐवजी खालच्या पेटीत एकावर एक बसत, त्यामुळे टोकदार गोळीची अडचण मिटली. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. शास्त्राला त्यांचा उपयोग झाला हे खरे, पण हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्यांत नाईलकाठचे पांढरे गेंडेही होते. त्या उत्तरेकडच्या जातीचा शेवटचा नर २०१८ साली केनियात मेला आणि मागे दोन माद्या उरल्या. दोष एकट्या रूझवेल्टांचा नाही. पुढच्या चोरट्या शिकारीने ती जात संपवली. पण ती दुर्मिळ होत चालली आहे हे त्यांना माहीत होते, आणि तरी त्यांनी चाप ओढला.

पुढचे थोडक्यात सांगते. १९१२ च्या निवडणुकीत मिलवॉकी येथे त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशातले भाषणाचे जाड कागद आणि चष्म्याचे धातूचे घर यांनी तिचा जोर मोडला. गोळी छातीत असतानाच त्यांनी तासाहून अधिक भाषण केले. मग ब्राझीलच्या अज्ञात नदीचा प्रवास, ताप, मरणाच्या दारातून परत येणे. १९१८ च्या जुलैत धाकटा मुलगा क्वेंटिन फ्रान्समधल्या विमानयुद्धात पडला, आणि ६ जानेवारी १९१९ रोजी ते सॅगामोर हिल येथील घरी झोपेतच गेले.

ते घर स्मारक म्हणून जपलेले आहे. भिंतींवर त्यांनी मारलेल्या जनावरांची मुंडकी आहेत. जवळच ऑयस्टर बे येथे त्यांची कबर आहे, आणि तिला लागूनच त्यांच्या नावाचे एक पक्षी-अभयारण्य आहे.