लोकशाहीर अण्णा भाऊ साठे : दीड दिवसाची शाळा

पाचगणीच्या पायथ्याने वाहणारी कृष्णामाई वाई आणि कऱ्हाड ओलांडून वाळव्याच्या मुलखात उतरते. त्याच वाळवा तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजातील भाऊराव व वालूबाई या दांपत्याच्या पोटी तुकाराम जन्मला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. हाच तुकाराम पुढे अण्णा भाऊ साठे म्हणून अवघ्या महाराष्ट्राचा लोकशाहीर झाला. शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्यांच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दीड दिवस.

दोर वळावेत, हलगी वाजवावी, गावाची राखण करावी, ही त्या काळी मातंगांच्या वाट्याला आलेली कामे होत. शाळेतील जातीय वागणुकीने लहानग्या तुकारामाचे शिक्षण दुसऱ्याच दिवशी संपले. पुढे दारिद्र्याने पिचलेले हे कुटुंब पायी मुंबईस निघाले. तेथे अण्णा भाऊंनी कोळसे वेचले, हमाली केली, फेरीवाल्याचा धंदा केला, गिरणीतही राबले. दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरील जाहिराती वाचता वाचता अक्षरे त्यांच्या ओळखीची झाली. ज्याला शाळेने नाकारले, त्याला रस्त्याने शिकविले.

मात्र लेखणीच्या आधी त्यांच्या हाती आले ते डफ आणि तुणतुणे. नात्यातील तमाशाच्या फडात ते वावरले. सोंगाड्याची हजरजबाबी वाणी तेथेच घडली. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा रशियापर्यंत पोहोचला. बंगालच्या दुष्काळावर आणि अमळनेरच्या हुतात्मा कामगारांवरही त्यांनी पोवाडे रचले. ज्या श्रोत्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांना जगाची बातमी डफाच्या तालावर मिळू लागली. शाहिरी हीच निरक्षरांची शाळा ठरली.

तमाशाच्या आरंभी गणेशाला आळविणारा गण म्हणण्याची रीत होती. अण्णा भाऊंनी तेथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणून बसविले. मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य या नावाने पुढे गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावी राहिलेल्या मैनेची त्यांची छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजात गाजली. घर सोडून मुंबईत आलेल्या लाखो गिरणी कामगारांना ती आपलीच व्यथा वाटली.

अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीत वाढले. आंबेडकरी चळवळीशी त्या पक्षाचे मतभेद सर्वश्रुत आहेत. तरीही त्यांनी बाबासाहेबांकडे पाठ फिरविली नाही. भीमरावांनी आपल्याला जग बदलण्याचा मंत्र दिला, असे सांगणारे त्यांचे गीत आजही आमच्या वस्त्यांतून गायिले जाते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनपर भाषणात त्यांनी बजावले की, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे. १९५९ ची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक लाभले. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

इतका लौकिक मिळूनही दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी उदंड लेखन केले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या जयंतीला डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या दणदणाटात त्यांचाच डफ ऐकू येत नाही, याचे आम्हांस दुःख होते. ज्याने उपाशीपोटी अक्षर कमावले, त्याचे स्मरण अक्षरानेच व्हावे. विद्यार्थी मित्रहो, निवारा, अन्न आणि पुस्तक या तीन गोष्टी येथे तुम्हांला एका छताखाली लाभल्या आहेत. अण्णा भाऊंना त्या कधीच एकत्र मिळाल्या नाहीत. त्यांचा एक पोवाडा मुखोद्गत करा, एक कादंबरी वाचून संपवा. तीच त्यांची खरी जयंती होय.

लोकशाहिरांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. जय भीम.