चुका मोजणारा शल्यविशारद

खांदा आखडला, हात वर जाईना, अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या अनेकांना एक साधा व्यायाम सांगितला जातो. पुढे वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि तो घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलवायचा. हा व्यायाम कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. ‘फ्रोझन शोल्डर’ ही संज्ञाही १९३४ साली त्यांनीच दिली. मात्र बॉस्टनच्या डॉ. अर्नेस्ट अॅमरी कॉडमन यांचे कार्य खांद्यापुरते मर्यादित नव्हते. शल्यविशारदाची पारख कोणत्या कसोटीवर करायची, हा प्रश्न त्यांनी वैद्यकविश्वाला विचारला आणि त्याची जबर किंमत मोजली.

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी बॉस्टनमधील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून १८९५ साली ते डॉक्टर झाले. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक म्हणून विख्यात झालेले हार्वी कुशिंग हे त्यांचे सहाध्यायी. त्या काळी रुग्णाला ईथरची भूल देण्याचे काम फारसे शिक्षण न मिळालेल्या विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. रुग्ण टेबलावरच दगावल्याचा अनुभव कुशिंग यांच्या वाट्याला आला. त्यातून या दोघा मित्रांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वसन ठरावीक अंतराने टिपून ठेवणारा तक्ता तयार केला. लिहून ठेवले तरच सुधारता येते, हा धडा कॉडमन विद्यार्थिदशेतच शिकले.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यविशारद म्हणून काम करताना त्यांना एक गोष्ट सतत खटकत राहिली. रुग्ण घरी गेला की त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस कोणीच करीत नसे. शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, म्हणजे उपचार यशस्वी झाले, असे मानले जाई. कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णामागे एक लहानसे कार्ड ठेवण्याची पद्धत सुचविली. त्यावर लक्षणे, निदान, योजलेले उपचार आणि उद्भवलेली गुंतागुंत यांची नोंद व्हायची आणि वर्षभराने रुग्णाला बोलावून अंतिम परिणाम लिहायचा. परिणाम चांगला नसेल, तर कारण शोधायचे. ज्ञान कमी पडले, हात कमी पडला, निर्णय चुकला, निदान चुकले की साधनेच अपुरी होती? की रोगच हाताबाहेर गेला होता? या पद्धतीला त्यांनी ‘एंड रिझल्ट’ म्हणजे अंतिम परिणामाची पद्धत असे नाव दिले.

कल्पना वरकरणी साधी असली, तरी तिच्यात स्फोटक द्रव्य ठासून भरलेले होते. तेव्हा रुग्णालयातील पदे ज्येष्ठतेनुसार मिळत. परिणाम मोजले गेले असते, तर एखादा कनिष्ठ डॉक्टर ज्येष्ठांपेक्षा सरस ठरला असता. हा ज्येष्ठताक्रम अमान्य करून कॉडमन यांनी १९१४ साली राजीनामा दिला. तो मंजूर होताच, आपले परिणाम इतरांपेक्षा चांगले असल्याने आपल्याला मुख्य शल्यविशारद नेमावे, असा अर्ज त्यांनी केला. तो अर्थातच मान्य झाला नाही.

तत्पूर्वी १९११ मध्येच त्यांनी बॉस्टनमध्ये स्वतःचे छोटेखानी रुग्णालय सुरू केले होते. तेथील १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापून प्रसिद्ध केला. त्यात १२३ चुकांची कबुली होती. आपल्या चुका स्वतःच्या खर्चाने छापणारा डॉक्टर लोकांनी तोवर पाहिला नव्हता.

जानेवारी १९१५ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी एक भलेमोठे व्यंगचित्र उघड केले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग म्हणजे शहरातील श्रीमंत रुग्णवर्ग. त्याची सोन्याची अंडी डॉक्टर गोळा करीत होते आणि खरे परिणाम उघड झाले तर ही अंडी मिळत राहतील का, या चिंतेत विद्यापीठ व रुग्णालयाचे धुरीण पडले होते. सभेत गदारोळ झाला. कॉडमन यांचे संघटनेतील अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधील अध्यापनाचे पदही गेले.

कल्पना मात्र थांबली नाही. १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या रुग्णालय प्रमाणीकरण समितीचे कॉडमन अध्यक्ष होते. या संस्थेचे सदस्यत्व हवे असलेल्या शल्यविशारदाला आपल्या रुग्णांच्या नोंदी सादर कराव्या लागत. अनेक अर्ज नोंदींअभावीच फेटाळावे लागले, कारण रुग्णालयांत त्या ठेवल्याच जात नव्हत्या. पुढे संस्थेने किमान निकष ठरवून शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा केवळ ८९ रुग्णालये निकषांना उतरली. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये हा आकडा जाहीर झाला. परंतु रुग्णालयांच्या नावांची यादी वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली.

कॉडमन यांनी १९२० मध्ये हाडांच्या कर्करोगाची देशव्यापी नोंदवही सुरू केली आणि १९३४ साली खांद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. २३ नोव्हेंबर १९४० रोजी ते निवर्तले. आर्थिक ओढगस्तीमुळे त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. तो बसायला २०१४ साल उजाडावे लागले.

ज्या बैठकांसाठी त्यांनी आग्रह धरला, त्या आता पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचा भाग झाल्या आहेत. मृत्यू आणि गुंतागुंतीचा नियमित आढावा घेणे अमेरिकेत १९८३ पासून निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात बंधनकारक झाले. आपल्याकडेही एम.एस., एम.डी.च्या विद्यार्थ्याला लॉगबुक ठेवावे लागते, तर महाविद्यालयाला मान्यता देताना खाटा, अध्यापक आणि रुग्णसंख्या तपासली जाते. या मोजदादीचे महत्त्व कमी नाही. परंतु विद्यार्थ्याने किती शस्त्रक्रिया केल्या हे लिहिताना, त्या रुग्णांचे वर्षभराने काय झाले, हेही त्याला आणि त्याच्या अध्यापकांना कोणी विचारते का? शतकापूर्वीचा कॉडमन यांचा प्रश्न नेमका हाच होता. उपचारासाठी दारात आलेल्या प्रत्येक रुग्णाला त्याचे उत्तर मिळण्याचा हक्क आहे.