चिंतामणराव देशमुख : तिजोरी सांभाळणारा माणूस



स्टेट बँकेत आपले खाते असते, घरात एल.आय.सी.ची पॉलिसी असते. या दोन्ही संस्था उभारण्याचे निर्णय झाले तेव्हा देशाचे अर्थमंत्री एक मराठी गृहस्थ होते, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नसते.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील होते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिज, मग १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक. मध्य प्रांतात त्यांनी वीस वर्षे नोकरी केली.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. काळ मोठा कठीण होता. महायुद्ध चालू होते, महागाई भडकली होती, बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. युद्धासाठी ब्रिटन आपल्याकडून माल उचलत होते आणि किंमत मात्र लंडनच्या खात्यात पौंडांत जमा करत होते. ही उधारी हजार कोटी रुपयांच्या वर गेली. १९४४ साली अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जागतिक परिषद भरली तेव्हा या पैशाचे काय, हा प्रश्न परतंत्र देशाच्या प्रतिनिधींनी मांडला. त्यांत देशमुख होते. ज्याची नोकरी करायची त्याच्याच कर्जाची आठवण त्याला चारचौघांत करून द्यायची, हे वाटते तितके सोपे नाही.

१९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून निवडून आले. १९५३ साली त्यांनी वारसाहक्काने मिळणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर कर बसवला. श्रीमंतांना तो रुचला नाही, हे सांगायला नको. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा समाजसेविका दुर्गाबाईंशी विवाह झाला. पहिल्या पत्नी रोझिना १९४९ मध्ये निवर्तल्या होत्या. जुलै १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

मग आला जानेवारी १९५६. सोळा तारखेला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर केले. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि एकोणीस तारखेला याच अर्थमंत्र्यांनी रेडिओवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. आधी कुणकुण लागली असती तर काही कंपन्यांनी पैसा इकडेतिकडे केला असता, म्हणून सारे गुपचूप ठरले होते. एका आठवड्यात आयुष्यातले एक मोठे काम आणि आयुष्यातला मोठा पेच, दोन्ही.

त्यांनी राजीनामा पुढे केला. तो जुलैमध्ये मार्गी लागला. लोकसभेतील निवेदनात त्यांनी मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होताच झाल्याचे सांगितले आणि गोळीबाराच्या चौकशीचा आग्रह धरला. ते सभा गाजवणारे पुढारी नव्हते. आकड्यांत रमणारे, फावल्या वेळात बागकाम करणारे, मेघदूत मराठीत आणणारे गृहस्थ! म्हणूनच त्यांच्या राजीनाम्याचे वजन आंदोलनाला फार मोलाचे ठरले.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९८१ साली दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, हैदराबादला चिंतामणरावांनी डोळे मिटले.