कलावंताची भाकर : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

मारुंजीच्या वेशीशी आता हिंजवडीच्या कचेऱ्या येऊन भिडल्या आहेत. तरी वाजविणाऱ्यावाचून तेथे ना वरात निघते, ना भजन रंगते. तथापि त्याच्या वाट्यास बिदागी येते, मान क्वचितच येतो. हा मान मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचिले, त्या गृहस्थांचे चरित्र वाचकांपुढे ठेवितो.

विष्णुपंतांचा जन्म ता. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार होते. बालपणी दारूकामाच्या अपघाताने मुलाची दृष्टी अधू झाली व शाळेचा मार्ग खुंटला. तेव्हा त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजपाशी गायन शिकावयास ठेविले. तेथे संस्थानिकांचा आश्रय होता. परंतु एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण शिष्यास आले आणि प्रत्यक्ष गुरूस आले नाही. कारण ते केवळ गवई! ही गोष्ट विष्णुपंतांच्या जिव्हारी लागली, असे सांगतात.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडिली. दरबारची चाकरी न पत्करिता काठेवाडात त्यांनी तिकिटे लावून गायन केले. पुढे ता. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ते एका राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालले. तेथे होतकरू मुलांस वर्षानुवर्षे ठेवून घेऊन गायनशिक्षक केले जाई. जी विद्या घराण्यात झाकून ठेवीत, ती विष्णुपंतांनी स्वरलिपीत लिहून पुस्तकरूपाने छापिली. १९०८ साली मुंबईस शाळा निघाली.

मात्र तेथील इमारतीसाठी काढिलेले कर्ज फिटले नाही आणि अखेर तिचा लिलाव झाला. ता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा अंत झाला.

तर मग ते हरले काय ? मुळीच नाही. इमारत गेली, पण शिष्य राहिले. त्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढिले. गाणे शिकवून अब्रूने पोट भरता येते, हे त्यांनी दाखविले.

वाचकहो, आपल्या मुलास पेटी-मृदंगाची आवड असेल, तर त्यास हिणवू नका. वाजविणे आणि शिकविणे ही दोन्ही त्यास येऊ द्या, कर्जापासून मात्र दूर ठेवा. आणि जो आपल्या दारी वाजवावयास येतो, त्यास ठरलेले मोल वेळेवर द्या व आपल्या पंक्तीस बसवा.