मधला भाऊ

‘द गॉडफादर’ बघितलाय? नसेल बघितला तरी त्याचे मीम्स तुमच्या फोनवर येऊन गेलेच असणार. मार्लन ब्रँडोचे फुगलेले गाल, मांडीवरचं मांजर, अल पचिनोची थंड नजर. हॉस्टेलच्या भिंतीवर पोस्टर लागतं तेही या दोघांचंच. आता जरा आठवून सांगा, कॉर्लिओनी घराण्यातला मधला मुलगा कोण? तोच तो, कपाळ मागे सरकत गेलेला, आपलं काहीतरी चुकलंय असा भाव कायम चेहऱ्यावर असलेला. फ्रेडो, बरोबर! आणि फ्रेडोचं काम करणाऱ्या नटाचं नाव?

इथे भलेभले सिनेमावाले अडकतात. त्याचं नाव जॉन कझेल. मोठ्या पडद्यावर त्याने पूर्ण लांबीचे फक्त पाच सिनेमे केले. पाचही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं आणि त्यातल्या तीन सिनेमांनी ते ऑस्कर जिंकलंसुद्धा. आणि जॉनला? एकदाही साधं नामांकन नाही.

जॉनचा जन्म १९३५ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील इटालियन वंशाचे, आई आयरिश. नाटकाचं शिक्षण आधी ओबर्लिन कॉलेजात आणि मग बोस्टन युनिव्हर्सिटीत झालं. शिकून बाहेर पडला आणि पुढे काय झालं, हे एकांकिका करणाऱ्या कोणालाही वेगळं सांगायला नको. पोटासाठी टॅक्सी चालवली. न्यूयॉर्कला आला, एका तेल कंपनीत इकडचे कागद तिकडे पोचवायची नोकरी धरली. त्याच नोकरीत त्याच्यासारखाच फाटक्या खिशाचा आणखी एक नट त्याला भेटला. त्याचं नाव अल पचिनो.

पुढे दोघं एका नाटकात पुन्हा एकत्र आले आणि हे नाटक आपल्यासाठी खास आहे. इस्रायल होरोविट्झ या लेखकाचं ‘द इंडियन वाँट्स द ब्राँक्स’. यातला इंडियन म्हणजे आपल्याकडचा माणूस, आडनाव गुप्ता. मुलाला भेटायला नुकताच न्यूयॉर्कला आलेला, इंग्रजीचा गंध नाही, रात्रीच्या वेळी बसस्टॉपवर चुकलेला. दोन टवाळ पोरं त्याला गाठतात आणि आधी थट्टा, मग छळ सुरू होतो. त्यातलं एक टवाळ पोरगं म्हणजे पचिनो आणि गुप्ता म्हणजे आपला जॉन. तो स्टेजवर हिंदी बोलायचा आणि समोरच्या अमेरिकन प्रेक्षकाला त्यातलं अक्षर कळत नसे. विचार करा, शब्द असून नसल्यासारखे. फक्त डोळे, खांदे आणि आवाजाच्या चढउतारावर भीती पोचवायची. १९६८ मध्ये या नाटकासाठी पचिनो आणि जॉन दोघांनाही ओबी पुरस्कार मिळाले. व्यावसायिक ब्रॉडवेच्या बाहेर, छोट्या थिएटरांत होणाऱ्या नाटकांसाठीचा हा मानाचा पुरस्कार.

होरोविट्झच्याच दुसऱ्या एका नाटकात त्याला सिनेमासाठी नट शोधणाऱ्या फ्रेड रूसने पाहिलं आणि दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाकडे त्याचं नाव सुचवलं. जॉनला फ्रेडो मिळाला तो असा.

खरं सांगायचं तर पहिल्या भागात फ्रेडोला फार काही कामच नाही. बहिणीच्या लग्नात दारू पिऊन मायकलच्या मैत्रिणीशी ओळख करून घेतो, लास व्हेगासमध्ये धाकट्या भावाकडून चारचौघांसमोर बोलणी खातो. पण मधे तो रस्त्यावरचा सीन आहे बघा. नेहमीचा ड्रायव्हर आजारी म्हणून त्या दिवशी वडिलांसोबत फ्रेडो असतो. वडील फळं घेत असतात आणि गोळीबार होतो. फ्रेडो पिस्तूल काढतो, ते हातात नीट धरताच येत नाही, निसटून पडतं. मारेकरी पळून जातात आणि हा कोसळलेल्या वडिलांजवळ रस्त्यावरच बसून रडतो. गँगस्टर सिनेमात पिस्तूल चालवणारे ढिगाने सापडतील. पिस्तूल हातातून पडलेला हा एकच माणूस इतका लक्षात राहतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं त्या जागी तेच झालं असतं.

आणखी एक गंमत. पडद्यावर बाप झालेला ब्रँडो खऱ्या आयुष्यात जॉनपेक्षा फक्त अकरा वर्षांनी मोठा होता. आणि थोरला भाऊ सनी झालेला जेम्स कान तर जॉनहून चांगला पाच वर्षांनी लहान! सिनेमा बघताना हे डोक्यातसुद्धा येत नाही.

मग आला १९७४ चा दुसरा भाग. (पुढे स्पॉयलर आहे, पण पन्नास वर्षं झाली, आता तक्रार करू नका.) धाकटा मायकल घराण्याचा प्रमुख झालाय आणि फ्रेडोच्या हातून घराशी दगाफटका झालाय. तलावाकाठच्या घरात मायकल त्याला जाब विचारतो. पचिनो उभा आणि जॉन एका मागे रेललेल्या खुर्चीत, जवळजवळ आडवा. ही खुर्ची नीट बघा. तिच्यात बसून कोणालाही रुबाब दाखवता येणार नाही. जॉन तिच्यातून उठायला बघतो, हात झटकतो, घशाच्या शिरा ताणून ओरडतो की थोरला असून आपल्याला डावललं गेलं, आपल्यालाही अक्कल आहे, आपल्यालाही काही हवं होतं. आणि पुन्हा त्याच खुर्चीत मागे पडतो. वर्षानुवर्षं घरात धाकट्याशी तुलना ऐकलेल्या कोणाच्याही पोटात इथे खड्डा पडतो. गद्दार तो आहे, हे माहीत असूनही. माझ्या मते दोन्ही भागांतला सगळ्यात मोठा अभिनय याच काही मिनिटांत आहे. पचिनोच्या फॅन्सनी खुशाल भांडावं.

या सीनमध्ये पचिनो जवळजवळ काहीच करत नाही, तरी तो भयानक वाटतो. का? कारण समोर जॉन आहे. मायकल किती गोठलाय हे आपल्याला फ्रेडोच्या चेहऱ्यावरून कळतं. सहायक नट म्हणजे हिरोचा मित्र आणि दोन विनोद, अशी सवय असलेल्या आपल्याला हे जरा उशिरा उमगतं. २००५ मध्ये रामगोपाल वर्माने ‘सरकार’मधून हेच घराणं मुंबईत आणलं तेव्हा थोरल्या मुलाला, म्हणजे के के मेननच्या विष्णूला, भडकपणा भरपूर दिला. काम जोरदारच होतं त्याचं. पण फ्रेडोचं ते ओशाळलेपण काही त्यात आलं नाही.

त्याच वर्षी कपोलाच्याच ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये तो जीन हॅकमनचा मदतनीस होता, छोटंसं काम. १९७५ चा ‘डॉग डे आफ्टरनून’ मात्र चुकवू नका. ब्रुकलिनमध्ये १९७२ साली खरोखर घडलेल्या बँक दरोड्यावरचा हा सिनेमा. खऱ्या दरोड्यातला दुसरा साथीदार सॅल अठरा वर्षांचा पोरगा होता आणि जॉन तेव्हा चाळिशीला टेकलेला. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटला हे अजिबात पटेना. पचिनोने हट्ट धरला, जॉनने वाचून दाखवलं आणि विषय संपला. यात एक जागा आहे. पळून कोणत्या देशात जायचं, असं पचिनो विचारतो आणि सॅल गंभीरपणे उत्तर देतो, वायोमिंग. म्हणजे अमेरिकेतलंच एक राज्य! हे उत्तर स्क्रिप्टमध्ये नव्हतं, जॉनला ते तिथेच सुचलं. आधी हसू येतं, मग लक्षात येतं की हा माणूस आयुष्यात कुठे गेलेलाच नाही. या कामासाठी त्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. सिनेमातल्या मोठ्या पुरस्कारांपैकी त्याच्या वाट्याला आलं ते एवढंच.

१९७६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचं ‘मेझर फॉर मेझर’ झालं. त्यात जॉनसमोर होती नाटकाचं शिक्षण संपवून नुकतीच आलेली एक मुलगी, मेरिल स्ट्रीप. दोघं प्रेमात पडले, एकत्र राहू लागले. वर्षभरातच जॉनला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं निघालं.

तेव्हा मायकल चिमिनोच्या ‘द डीअर हंटर’ची तयारी सुरू होती. रॉबर्ट डी नीरो, स्ट्रीप आणि जॉन, तिघंही त्यात होते. आजार कळल्यावर स्टुडिओला जॉन नको झाला. धंद्याच्या हिशेबाने बघितलं तर त्यांचं फार चूक नव्हतं, कारण शूटिंग अर्ध्यावर असताना नट गेला तर सगळंच अडकतं. स्ट्रीपने सांगून टाकलं की तो नसेल तर मीही नाही. त्याच्या विम्याचे पैसे डी नीरोने स्वतःच्या खिशातून भरले, असं सांगितलं जातं. चिमिनोने वेळापत्रक फिरवून जॉनचे सीन आधी घेतले.

सिनेमात तो स्टॅन आहे. आरशात केस ठीक करणारा, पिस्तूल बाळगून फुशारक्या मारणारा आणि शिकारीला निघताना नेमके बूटच विसरणारा. मित्र त्याच्यावर वैतागतात, आपल्यालाही तो आवडत नाही. मरणाच्या दारात उभ्या माणसाला शेवटच्या सिनेमात थोडी सहानुभूती कमवायचा मोह झाला असता तर कोणी नावं ठेवली नसती. जॉनने स्टॅन जसा लिहिला होता तसाच केला, खोटा आणि पोकळ.

नंतरच्या महिन्यांत औषधपाण्याचा खर्च वाढत गेला. पैसे लागत होते म्हणून स्ट्रीपने ऑस्ट्रियात शूटिंग असलेली ‘हॉलोकॉस्ट’ ही टीव्ही मालिका स्वीकारली. ते काम संपवून ती परतली आणि शेवटपर्यंत त्याच्या उशाशी राहिली. मार्च १९७८ मध्ये जॉन गेला, बेचाळिसाव्या वर्षी. ‘द डीअर हंटर’ त्याच वर्षाच्या अखेरीस पडद्यावर आला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि स्ट्रीपला तिचं पहिलं ऑस्कर नामांकन. पूर्ण झालेला सिनेमा जॉनने पाहिलाच नाही.

न्यूयॉर्कमध्ये एका लहानशा थिएटरला त्याचं नाव दिलं गेलं, तेही वॉल्टर मॅकगिन या दुसऱ्या एका नटासोबत वाटून. २००९ मध्ये त्याच्यावर चाळीसेक मिनिटांची डॉक्युमेंटरी आली, ‘आय न्यू इट वॉज यू’. तिच्यात पचिनो, स्ट्रीप, डी नीरो, कपोला सगळे बोलतात. त्याच्या जाण्यानंतर बारा वर्षांनी, १९९० मध्ये ‘गॉडफादर’चा तिसरा भाग आला, तेव्हा त्यात फ्रेडोचे जुने शॉट वापरले होते. त्या सिनेमालाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं.